मागची सीट नसलेली गाडी

स्कूटर विकली त्या दिवशी माझ्या दुकानासमोरचा शिंपी म्हणाला, "आता काय, पायी फिरणार का?" मी म्हटलं, "नाही, एका चाकावर." तो इतका हसला की तोंडातली टाचणी खाली पडली. हसू दे. सगळा जन्म मशीनपुढच्या स्टुलावर काढलेल्या माणसाने वाहनांवर बोलू नये.

माझा धंदा मोटारींचा. पंपाची, पंख्याची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी गुंडाळायची. त्यामुळे विजेवर चालणारं चाक घरी बनवायचं म्हटल्यावर मला घाम फुटला नाही. प्रश्न बनवायचा नव्हताच. स्कूटरही चांगली होती, किक मारली की सुरू व्हायची. खोट होती ती तिच्या मागच्या सीटची.

गेल्या वर्षी बायको गेली आणि ती सीट रिकामी झाली. बरं, नुसती रिकामी झाली असती तर मी निभावून नेलं असतं. पण आमच्यात एक जुनी भानगड होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी पेट्रोल पंपावर ती खाली उतरली, मी पैसे दिले, किक मारली आणि निघालो. घरापर्यंत तिच्याशी गप्पा मारत आलो. दारात पोचल्यावर कळलं, बाई पंपावरच! तसाच वळून गेलो तर हवेच्या नळीपाशी ती पिशवी छातीशी धरून उभी, आणि डोळे असे वटारलेले की पंपावरची पोरं लांब सरकून उभी होती. हा किस्सा तिने आमच्या प्रत्येक नातेवाइकाला तिखटमीठ लावून सांगितला. तेव्हापासून निघण्याआधी मी विचारायचो, "बसलीस?" आणि ती उत्तर म्हणून माझ्या खांद्यावर थाप मारायची. थाप पडली की गिअर टाकायचा.

ती गेल्यावरही तोंडाची सवय जाईना. एकदा फळवाल्याच्या गाडीपाशी विचारून बसलो. त्याने माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दोन मोसंबी जास्तीची टाकली. त्या मोसंब्यांनी माझं डोकं फिरलं. घरी येऊन ठरवलं, ज्या गाडीला मागची सीटच नाही, ती रिकामी राहणार कशी?

पुढच्या खोलीत काम मांडलं. ती असती तर पहिल्याच नटबोल्टला घर डोक्यावर घेतलं असतं. आता सतरंजीवर ग्रीस सांडलं तरी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. चाक मुद्दाम मोठं घेतलं, गुडघ्याच्या वर येणारं, कारण आमच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत लहान चाक गडपच व्हायचं. मोटार चाकाच्या पोटात, दोन्ही बाजूंना बॅटऱ्या, खाली पाय ठेवायला घडीच्या दोन पट्ट्या. बसायला काही नाही, उभ्यानेच जायचं. तोल ओळखणारा सर्किट बोर्ड तेवढा विकत आणला. पुढे झुकलं की चाक पुढे जातं, मागे रेललं की थांबतं.

बोर्ड विकणाऱ्याने फोनवर समजावलं, "काका, पुढचा-मागचा तोल चाक सांभाळेल. डावा-उजवा तुमचा तुम्ही सांभाळायचा, आणि तो चालत्या चाकावरच राहतो. पाय वर घेतला की लगेच पुढे झुका. आणि शिकताना कुणाचा तरी खांदा धरा."

"कुणाचा?"

"घरात असेल ना कुणीतरी."

"आहेत की," म्हटलं आणि फोन ठेवला.

दुकानाजवळच्या गोदामामागच्या गल्लीत भिंत धरून शिकायला लागलो आणि पडायला लागलो. दुसरा पाय वर घेतला की क्षणात आडवा. चाक उघडलं, बोर्ड पुन्हा बसवला, हवा कमी केली, वाढवली. तरी तेच. मला वाटलं बोर्डवाल्याने गळ्यात रद्दी माल मारला. शिंपी रोज तमाशा बघायला यायचा. एकदा म्हणाला, "माझा खांदा घ्या हो, लाजता कशाला!" मी म्हटलं, "तुझा खांदा तुझ्या मापाच्या टेपला ठेव." तो गेला. मग गल्लीत मी, चाक आणि भिंत.

मुलगी चार दिवस राहायला आली ती माझी कोपरं बघून भडकलीच. "बाबा, हे काय वय आहे का?" पण हट्टीपणात ती आईवर गेलीय. सकाळी माझ्यासोबत गल्लीत आली, मी पडलो त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, आणि पायरीवर बसून पुन्हा पुन्हा बघत राहिली.

"तुमचं चाक बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्ही पाय वर घेता आणि थांबता."

"मी कशाला थांबू?"

तिने आवाज वाढवून मोबाइल माझ्यापुढे धरला. भिंतीला हात लावलेला एक म्हातारा पाय वर घेतो, हळूच म्हणतो, "बसलीस?" आणि ताठ उभा राहतो. वाट बघतो. मग पडतो.

एवढे दिवस मी विचारतोय, हे मला ठाऊकही नव्हतं. मुलीने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. डोळे पुसून म्हणाली, "आता विचारू नका ना, बाबा. थांबलात की पडता."

मग तिचा खांदा धरला. दात घट्ट आवळले, पाय वर घेतला आणि झुकलो. चाक निघालं. खांदा सुटला, भिंत सुटली, गल्ली संपली. शिंपी कात्री हातात घेऊन रस्त्यावर आला आणि चक्क शिट्टी मारली. मी हसतही होतो. वारा लागत होता, खड्डे चाकाखाली विरत होते. किती महिन्यांनी मला बरं वाटत होतं!

ओळखीच्या रस्त्याने गेलो तो पंपापर्यंत पोचलो. हवेच्या नळीपाशी उतरलो. तेव्हा वळून आलो होतो तर ती इथेच उभी होती. आज इथे एक बादली होती.

पंपावरच्या माणसाने विचारलं, "काय भरायचंय?"

"काही नाही."

चाकावर पाय ठेवला. ओठ हलायला लागले, ते मिटले. आता न विचारता झुकायचं, एवढंच करायचं होतं. मघाशी गल्लीत जमलं होतं. पण इथून, या जागेवरून पुन्हा तसं निघायचं माझ्या जिवावर आलं. पाय खाली घेतला आणि चाक हाताने ढकलत, भर रस्त्यातून घरी आणलं.

मुलगी दारात उभी होती. "बिघडलं का?"

"नाही," मी म्हणालो. "चाक ठणठणीत आहे."