यंत्रमहर्षींनी पुसलेलं बंधन

नोंदणी कक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर, आम्ही परिचारिका, सगळे संगणकाभोवती. एका रुग्णाच्या चुकून दोन नोंदी झाल्या, की त्यातली एक पुसायला इस्पितळाचं यंत्र वीस मिनिटं घ्यायचं. स्वतःला यंत्रमहर्षी म्हणवणारे गृहस्थ त्याआधी अर्धा तास दार लावून एकटेच आत बसले होते. "यंत्रालाही प्राण असतो. नाड्या तुंबल्या होत्या, मोकळ्या केल्या," असं म्हणत त्यांनी यंत्रावर तळहात ठेवला, डोळे मिटले. पापणी लवायच्या आत नोंद पुसली गेली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आत नेमकं काय केलंत, असं फक्त नोंदणीच्या बाईंनी विचारलं. शंकेने यंत्र आजारी पडतं, असं सांगून महर्षी हसले. अधीक्षकांनी बाईंनाच गप्प केलं.

तीन आठवड्यांनी एक शिवणकाम करणारी बाई तापाने बेशुद्ध होऊन माझ्या वॉर्डात आली. पडद्यावर तिला कुठल्याच औषधाचं वावडं नव्हतं. मी इंजेक्शन दिलं. बारा मिनिटांत ती गेली.

धावत आलेली मुलगी म्हणाली, "आईला हे औषध चालत नाही. गेल्या वर्षी तुम्हीच लिहून घेतलंत ना?"

लिहून घेतलं होतं. नोंदणीच्या बाईंना ती ओळ दोन दिवसांनी सापडली. पण ज्या रुग्णक्रमांकाला ती जोडलेली, तो दुबार म्हणून पुसला गेला होता. अशा पोरक्या ओळी तीनशेवर निघाल्या.

बाईंनी अधीक्षकांसमोर सगळं उलगडलं. "रुग्णक्रमांक पुसण्याआधी यंत्र बघायचं, याला वावड्याची नोंद जोडलेली आहे का. असली तर पुसू द्यायचं नाही. या बंधनाला फॉरेन की म्हणतात. अशा नोंदींच्या तक्त्यात नव्वद लाख ओळी, आणि पुस्तकामागे असते तशी सूची, म्हणजे इंडेक्स, नाही. म्हणून दरवेळी सगळ्या ओळी वाचाव्या लागायच्या. महर्षींनी बंधनच काढून टाकलं. बघायचंच नाही, मग वेळ कशाला लागेल?"

हे आधी का सांगितलं नाहीस, असं अधीक्षकांनी विचारलं. सूचीसाठी दोनदा अर्ज दिला होता, एवढंच बाई म्हणाल्या.

इस्पितळाचं काम न थांबवता सूची तयार व्हायला पाच तास लागले. नऊ दिवस जुने केसपेपर काढून पोरक्या ओळी जुळवल्या, मग बंधन परत घातलं. आता नोंद क्षणात पुसली जाते, आणि पुसू नये तिथे यंत्र अडवतं.

मुलीला मी सगळं खरं सांगितलं. आईची ओळ तिने दोनदा वाचली.

"ही आता पुसू नका," म्हणाली.

एखादं अडलेलं काम कुणी हात लावताच सुटलं, तर नमस्कार करण्याआधी विचारा, यातून काय काढून टाकलंत? आणि उत्तर कळेपर्यंत त्याच्या भरवशावर कुणाचा जीव ठेवू नका.