टीबीचा चुलत भाऊ

यशोदाबाईंना खोकला लागला आणि घरात त्यांचं ताट वेगळं झालं. थुंकीत जंतू दिसले, म्हणजे टीबीच, असं पहिल्या डॉक्टरांनी धरून टाकलं. मग जुळे सोलापुरातल्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये कप वेगळा, टॉवेल वेगळा, आणि दोन वर्षांची नात तर उंबऱ्यापलीकडेच. सून भार्गवीनं हे सगळं हसतमुखानं केलं. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईंनी ते मुकाट सोसलं, कारण वर्गातल्या पोरांच्या घरी टीबी निघाला की त्याही हेच सांगत आल्या होत्या.

गोळ्यांचा कोर्स संपला, खोकला काही हटेना. तेव्हा सात रस्त्याजवळच्या नव्या डॉक्टरांनी थुंकी पुन्हा तपासायला पाठवली आणि बाईंना व मुलाला, सुबोधला, समोर बसवून सांगितलं की हा टीबी नव्हेच. हे जंतू पाण्यात, मातीत असतात. एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या, एरवी धडधाकट बायकांनाही ते कधी कधी गाठतात. औषध मात्र वर्षाच्या वर जाईल. नीट समजावं म्हणून ते म्हणाले, "टीबीचा चुलत भाऊ समजा."

तिथंच डॉक्टरांनी माती खाल्ली. शब्द चांगल्या मनानं बोललेला, पण आपल्याकडं चुलत भाऊ काय परका असतो?

रिक्षात यशोदाबाईंना नातीच्या केसांचा वास आठवत होता. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी हात पुढे केले. सुबोधनं बायकोला सगळं सांगितलं, चुलत भावासकट. भार्गवीनं लेकीला मागं ओढलं.

"चुलत असला तरी भाऊच की, आई."

बाईंनी पाणी, माती, सगळं पुन्हा समजावलं, फळ्यापुढं उभं राहिल्यासारखं. मग मुलाकडं पाहिलं. डॉक्टरांचं बोलणं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तो चपलांकडं बघत म्हणाला, "राहू दे ना आई. वर्षभराचाच तर प्रश्न आहे."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "जंतू चुलत असेल रे. मी तर तुझी सख्खी आहे ना?"

भार्गवीला जरा लाज वाटली असावी. तिनं पोरीचा हात सोडला, जा म्हणाली. पोरगी दोन पावलं आली, थांबली, आणि तिनं आजीकडं बघत, शहाण्या मुलीसारखं, फ्रॉक उचलून नाकावर धरला.