नात्याचा रकाना

कंपनीच्या कुटुंब मेळाव्याचा अर्ज अपेक्षानं तीन दिवस पर्समध्ये घालून फिरवला. अर्ज तो काय, अर्ध्या पानाचा कागद. आपलं नाव, खातं, सोबत कोण येणार त्याचं नाव आणि नातं. बाकीच्या पोरींनी जेवणाच्या सुट्टीत भाजीचे डाग पाडत तो भरून टाकला. हिनं घरी नेला, हात धुतले, 'आवडाबाई' असं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यात 'आई' लिहिलं. एकोणतीस वर्षांत हे दोन शब्द तिनं शेजारीशेजारी पहिल्यांदाच लिहिले होते. शाळेच्या कागदांवर आईचं नाव म्हणून मामीचं नाव होतं.

सख्ख्या आईला आई लिहायला हात कशाला धुवावे लागतात, हे समजायचं तर आधी सोयगावला जावं लागेल.

अपेक्षा चार वर्षांची असताना विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून तिचा बाप गेला. सासरच्यांनी मायलेकींना सोयगावला कडुबामामाच्या दारात आणून सोडलं. दोन वर्षांनी अजिंठ्याचं स्थळ आलं. काकासाहेब नावाचा बिजवर, जमीन बागायती, माणूसही तसा वाईट नव्हता. अट एकच. बाईला मागचं लेकरू आहे हे भावकीत कळता कामा नये. मामा बहिणीला म्हणाला, "पोरगी माझी म्हणून वाढंल. तू जा." आवडाबाई गेली. तिचं चुकलं की बरोबर, हे जिनं ऐन पंचविशीत विधवा होऊन भावजयीच्या चुलीपाशी दोन वर्षं काढलीत तिनं सांगावं. बाकीच्यांनी गप्प बसावं हे बरं.

त्या साली आखाजीच्या सणाला सगळ्या लेकी माहेरी येतात तशी तीही आली. तिला परत न्यायला काकासाहेब आणि त्याचे दोन चुलते आले होते, ओसरीवर आमरस-पोळी जेवत होते. निघायची तयारी दिसली तशी सहा वर्षांची अपेक्षा पळत सुटली, "आई, मी पण!" ओसरीवरचे हात ताटातच थांबले. आवडाबाईनं वळून पोरीच्या तोंडावर अशी एक ठेवून दिली, की हलत असलेला दुधाचा दात मातीत पडला.

"आई कुणाची गं? आत्या म्हण, आत्या!"

पोरगी हुशार. तोंडात रक्त, डोळ्यांत पाणी, तरी एका दमात शिकली. "आत्या," म्हणाली.

"भाचीला लई लळा हाय की," एक चुलता म्हणाला आणि जेवायला लागला.

माय मरो, मावशी जगो असं म्हणतात. आत्याबद्दल मात्र कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.

पुढं दरवर्षी आखाजीला आवडाबाई यायची. चार दिवस राहायची. नंतर तिच्या कडेवर सत्यम आला, तो अपेक्षाला मामेबहीण समजून ताई म्हणायला लागला. कुणी बघत नाही असं पाहून आवडाबाई पोरीच्या हातात एक पुडकं द्यायची. आत तिनं स्वतः शिवलेला फ्रॉक. माप घ्यायची सोय नव्हती, म्हणून मागच्या आखाजीला पाहिलेली पोरगी आठवून शिवलेला. पोरगी तर वर्षभरात वाढलेली असायची. दर साली फ्रॉक तोकडा व्हायचा आणि दर साली अपेक्षा तो दिवसभर खाली ओढत म्हणायची, "आत्या, लई बराबर बसला."

मामी काही राक्षसीण नव्हती. चार लेकरांत पाचवं पडलं की कुणाचीही पळी आखडते. पहाटे शेण, मग पाणी, वेचणीच्या दिवसांत कापूस, आणि उरलेल्या वेळात शाळा. दहावीला गणितात ती दोनदा आपटली. मामा म्हणाला, "बास झालं. पोरगं बघतो." ती म्हणाली, "एक डाव अजून." मामीनं कपाळाला हात लावला. तिसऱ्यांदा काठावर का होईना, पास झाली. मग शहरात आयटीआय, सगळ्या वर्गात तीन पोरी. मग वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर, पाळीभर उभं राहून. सुजलेले पाय बसमध्ये समोरच्या सीटखाली लांबवायचे आणि डुलकी काढायची, असं नऊ वर्षं. आता ती तपासणी विभागात पक्की होती. मशिनवरून उतरलेला सुटा भाग मोजायचा आणि केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढायचा, हे तिचं काम. तिनं पास केलेला एकही नग वर्षभरात परत आला नव्हता, म्हणून मेळाव्यात तिचा सत्कार होता. रांजणगावात दोन खोल्यांचं स्वतःचं घर होतं. लोक म्हणायचे, पोरीनं नशिबाला पुरून उरून दाखवलं. खोटं नव्हतं ते.

एकच गोष्ट राहिली होती. आवडाबाईला एकदा चारचौघांत आई म्हणायचं.

आधी आवडाबाई म्हणायची, काकासाहेब हायेत तोवर नाय. काकासाहेब गेले. मग म्हणाली, सत्यमचं लगीन होऊ दे. तेही झालं. अपेक्षानं पुन्हा विचारलं नाही, फक्त मेळाव्याचं सांगायला फोन केला. पलीकडून आवडाबाई म्हणाली, "सत्यमला म्या सगळं सांगितलं काल. लई रडला. म्हणला, ताईला इतकी वर्षं असं का ठिवलं? काय सांगू त्याला? मी येते बाई. आन् म्हण मला तिथं, तुला जे म्हणायचं ते. मोठ्यानं म्हण."

फोन ठेवून अपेक्षानं उभ्या उभ्या रडून घेतलं. अर्ज भरला तो त्याच संध्याकाळी.

शनिवारी आवडाबाई अजिंठ्याहून एसटीनं आली. पिशवीत एक ब्लाउज, सत्काराच्या साडीवर घालायला. "ह्या खेपेला बराबर आसंल," ती म्हणाली. नव्हताच. काखेत काचत होता, हुक लावताना श्वास आत घ्यावा लागत होता. अपेक्षा म्हणाली, "लई बराबर बसला." पण सुरुवातीचा शब्द तिनं गिळला. त्या दिवशी तिनं आवडाबाईला काहीच हाक मारली नाही. 'ऐकलं का', 'चहा ठेवलाय बरं का', असं नव्या नवरीनं नवऱ्याशी बोलावं तसं बोलत राहिली. आत्या म्हणायचं नव्हतं, आणि दुसरा शब्द तिनं उद्यासाठी राखून ठेवला होता.

रविवारी कॅन्टीनच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. लेकरं फुगे फोडत होती. सूत्रसंचालनाला कार्यालयातला अतुल होता, हातात यादी, गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. अपेक्षाचं नाव पुकारलं तशी ती आवडाबाईचा हात धरून स्टेजवर चढली. टाळ्या झाल्या. हॉलभर ओळखीची माणसं होती, नऊ वर्षं जिच्या घरचं कुणीच कधी आलं नाही त्या पोरीसोबत आज कोण आलंय ते माना उंचावून बघणारी.

"बोला मॅडम," अतुलनं माइक पुढं केला, "आज आपल्यासोबत कोण आलंय?"

आवडाबाईनं लेकीकडं पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला होता की अपेक्षानं तो तसा कधीच पाहिला नव्हता. लेकीच्या कपाळावर केसांची एक बट सुटून आली होती. फोटोत दिसंल, म्हणून ती मागं सारायला आवडाबाईनं हात उचलला.

हात तोंडाजवळ येताना दिसला आणि अपेक्षाची मान खांद्यात गेली. डोळे मिटले. माइकमध्ये आवाज आला, स्पष्ट, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा.

"आत्या. ही माझी आत्या."

टाळ्या पडल्या. अतुलनं यादीवर नजर टाकली. "अरेच्चा, आमच्या यादीत चुकून आई छापलंय! माफ करा हं आत्याबाई, चूक आमची."

हॉल हसला. आवडाबाईचा हात तसाच वर राहिला होता. तो तिनं हळूच खाली घेतला, दुसऱ्याला जोडला आणि समोरच्यांना नमस्कार केला. "व्हय," ती म्हणाली, "आत्याच मी." तिला शाल दिली, नारळ दिला. फोटो निघाला. त्यात बट कपाळावरच आहे.

रिक्षात अपेक्षा हुंदक्यांनी हलत होती. "मी म्हणणार होते गं. घोकून ठेवलं होतं. देवाशपथ म्हणणार होते."

"ठावं हाय मला." आवडाबाईनं मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "म्या हात उचलाया नव्हता पायजे."

रोज केसाएवढा फरक पकडणाऱ्या पोरीला आपल्याच मानेत तेवीस वर्षं काय बसलंय ते दिसलं नव्हतं. दहावी तिसऱ्यांदा देता येते. हे पुन्हा कुठं द्यायचं?

घरी आल्यावर दोघी जेवल्या नाहीत. अपेक्षानं ब्लाउजचे हुक सोडले, काचलेल्या जागी पाणी लावलं. आवडाबाई चटईवर आडवी झाली आणि प्रवासाच्या, जागरणाच्या शिणानं थोड्या वेळात तिला झोप लागली. उन्हाची तिरीप तिच्या भेगाळलेल्या टाचांवर आली होती. अपेक्षानं खिडकीचा पडदा ओढला आणि तिच्या उशाशी येऊन बसली. झोपलेल्या माणसाचं तोंड किती गरीब दिसतं. तिनं ओठ हलवून पाहिले. आवाज निघाला नाही. पुन्हा हलवले. मग वाकून, कानाशी, लहानपणी म्हणायची तसं म्हणाली.

"आई."

आवडाबाई दचकून उठली. डोळे पुरते उघडलेही नव्हते, तोच तिनं लेकीचं तोंड तळव्यानं गच्च दाबून धरलं.

"हळू! कुणी ऐकंल ना!"

आणि ती दाराकडं बघायला लागली. दाराला आतून कडी होती. ओसरी नव्हती, चुलते नव्हते, काकासाहेबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन खोल्यांत त्या दोघीच होत्या. हे आवडाबाईच्या हळूहळू ध्यानात आलं, आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. पण लेकीच्या तोंडावरचा हात काढायचं तिला सुचलं नाही, आणि लेकीनंही तो काढला नाही.