दाराजवळचे लायलॅक

जगन्नाथला स्ट्रोक आला तो ऑक्टोबरात, सकाळी चहा गाळताना. पातेलं हातातून सुटलं, चहा ओट्यावरून फरशीवर ओघळला आणि त्याच्यामागोमाग तोही खाली बसला, काहीतरी पडलेलं शोधायला बसावं तसा. प्रतिमाने फोन केला, पत्ता नीट सांगितला, बाहेरचं दार उघडून ठेवलं. ॲम्ब्युलन्स यायला वेळ होता म्हणून तिने एका हाताने त्याचं डोकं मांडीवर धरून दुसऱ्या हाताने फरशीवरचा चहा पुसला. आपण असं का केलं, हे तिला पुढे कितीदा आठवलं तरी उमगलं नाही.

ॲन आर्बर गावातल्या ओळखीच्या सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. प्रतिमाकाकू फार धीराच्या, म्हणाले. प्रतिमाला धीर वगैरे काही जाणवत नव्हतं. ती पुष्कळ वर्षं एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कवर होती. भुलीचं इंजेक्शन घेऊन बाहेर आलेले पेशंट गालाला हात लावून बघायचे, तो जागेवर आहे की नाही ते. आता तिचं तसंच झालं होतं, फक्त गालापुरतं नव्हे.

जगन्नाथचा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. फिजिओथेरपीने तो काठी धरून चार पावलं टाकू लागला, बाकी व्हीलचेअर. पण वाचा गेली ती गेलीच. या गावात चाळीस वर्षं इंग्रजीत काढली, युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये पोरांना शिकवलं, ते इंग्रजी धुऊन निघाल्यासारखं नाहीसं झालं. मराठीतला एकच शब्द उरला. नंतर.

भूक लागली का? नंतर. हे काय आहे, असं विचारून स्पीच थेरपिस्टने मांजराचं चित्र दाखवलं. नंतर. तुमचं नाव काय? तो विचार करायचा, ओठ जुळवायचा, आणि अगदी ठामपणे सांगायचा, नंतर. थेरपिस्ट पोरगी गोड होती. तिने शब्दाचा अर्थ विचारला. प्रतिमाने सांगितल्यावर तिला हसू आलं आणि मग ती तीनतीनदा सॉरी म्हणाली. तिनेच समजावलं की अशा आजारात कधीकधी एखादा शब्द अडकून बसतो. पेशंटला म्हणायचं असतं वेगळंच, बाहेर पडतो तो शब्द. तेव्हा त्या शब्दाच्या मागे लागू नका.

प्रतिमा त्याच्या मागे लागली नाही. सकाळी त्याला उठवणं, दात घासून देणं, गोळ्या, मऊ भात, व्यायाम, दुपारची झोप. हे सगळं ती चोख करत होती. बोलताना तिचा एक नवाच आवाज लागला होता. "आता आपण शर्ट घालू या हं. शाब्बास." आमटीत गूळ किती, हीटिंग किती अंशांवर, ह्यावरून या दोघांची चाळीस वर्षं रोज वादावादी व्हायची. आता थर्मोस्टॅट तिच्या मनासारखा होता आणि आमटीही. कोणी हरकत घेत नव्हतं.

मुलगी नैना लांब, बेलव्ह्यूला. ती येऊन दोन आठवडे राहून गेली, रोज संध्याकाळी फोन करायची. "आई, यू कान्ट डू धिस अलोन. इकडे शिफ्ट व्हा ना. वुई हॅव द डाउनस्टेअर्स रूम."

"बघू," प्रतिमा म्हणायची.

"आर यू ओके?"

"ठीक आहे मी. तू जेवलीस का?"

एप्रिलच्या सुरुवातीला बाजूच्या दाराला रॅम्प करायचं ठरलं. पुढच्या पायऱ्यांवरून व्हीलचेअर उतरवायला दर वेळी कुणालातरी बोलवावं लागे. सुतार येऊन मापं घेऊन गेला. जाताना दाराजवळच्या झुडपांकडे बोट दाखवून म्हणाला, ह्या फांद्या मध्ये येतात, तेवढ्या काढून ठेवा.

ते लायलॅक होते. तीन झुडपं, दोन दाराच्या दोन बाजूंना आणि एक पलीकडे गॅरेजच्या भिंतीशी. घर घेतलं त्या वर्षी जगन्नाथने लावलेले. आता पुरुषभर उंचीच्याही वर गेले होते. प्रतिमाचं राज्य मागच्या वाफ्यावर, मेथी, टोमॅटो, मिरच्या. लायलॅकना तिने कधी हात लावला नव्हता. ते तो बघायचा. मे महिन्यात तो जांभळे घोस कापून आणायचा, तिच्या पाण्याच्या तांब्यात खोचायचा, आणि पाणी प्यायला दुसरं भांडं शोध म्हणायचा. तो छाटणी कधी करतो, कशी करतो, याकडे तिने लक्ष दिलं नव्हतं.

शनिवारी ऊन पडलं तशी ती कात्री घेऊन बाहेर गेली. गुलाब थंडी सरतासरता कापतात, हायड्रेंजियाही तेव्हाच कापतात, एवढं तिला ठाऊक होतं. लायलॅकवर अजून पानं नव्हती. प्रत्येक काडीच्या टोकाला दोन दोन फुगीर, हिरवट जांभळे डोळे होते. तिने एका बाजूने सुरुवात केली. आधी दारावर येणाऱ्या फांद्या, मग खिडकीवर येणाऱ्या, मग वरून सगळं एका रेषेत. कुंपणाची मेंदी कापावी तसं. हात चालू होते तोवर बरं वाटत होतं. बरं म्हणजे काहीच वाटत नव्हतं, आणि त्याला आता एक कारण होतं.

खिडकीच्या काचेवर टकटक झाली. आत जगन्नाथ व्हीलचेअर खिडकीला टेकवून बसला होता. डाव्या हाताची बोटं काचेवर आपटत होता.

"नंतर," काचेतून ऐकू आलं. "नंतर. नंतर."

"हो हो, आलेच," प्रतिमा त्या नव्या आवाजात म्हणाली. "एवढं झालं की आपण ज्यूस पिऊ या."

"नंतर."

"हो. झालंच."

तो तळहाताने काच बडवू लागला. चेहरा लाल झाला होता. त्याला बाथरूमला जायचं असेल असं वाटून ती आत गेली. जायचं नव्हतं. तहान, थंडी, उशी, तिने एकेक विचारून पाहिलं. प्रत्येक वेळी नंतर. ती पुन्हा बाहेर जायला निघाली तसा त्याने तिच्या स्वेटरची बाही धरली आणि सोडेना. तिने त्याची बोटं एकेक करून उलगडली, त्याचा हात त्याच्या मांडीवर ठेवला, आणि व्हीलचेअर टीव्हीसमोर नेऊन क्रिकेट लावून दिलं. मग दाराजवळची दोन्ही झुडपं पुरी केली. तिसऱ्याकडे वळली तेव्हा तळव्याला फोड आला होता, म्हणून ते राहिलं.

रॅम्प झाला. लाकूड नवं होतं, त्याचा वास घरात येत होता म्हणे. असं मदतीला येणारी नर्स म्हणाली.

मे महिन्यात सगळीकडचे लायलॅक फुलले. रस्त्यापलीकडच्या घराचे, बस स्टॉपमागचे, गॅरेजच्या भिंतीशी राहिलेलं ते एकटं झुडूपही. दाराजवळच्या दोघांवर नुसती पानं. शेजारची मार्लीन, जगन्नाथहून थोडी मोठी, निवृत्त शिक्षिका, कुंपणाशी थांबली.

"ह्यांना फुलं नाहीत या वर्षी?" तिने विचारलं.

"मी कापलेत ते एप्रिलमध्ये," प्रतिमा म्हणाली. "रॅम्पसाठी."

मार्लीनने कुंपणावरून वाकून फांद्यांची टोकं पाहिली. मग हळूच म्हणाली, की लायलॅक आदल्या उन्हाळ्यातच पुढच्या वर्षाच्या कळ्या धरतो. एप्रिलमधले ते जाड डोळे म्हणजे फुलंच. "जगने," जगन्नाथला ती जगच म्हणायची, "मला केव्हातरी सांगितलं होतं. मी माझे हिवाळ्यात कापले होते तेव्हा. फुलू दे, मग नंतर काप, म्हणाला." आणि लगेच म्हणाली, "काही बिघडत नाही गं. झाड जिवंत आहे. पुढच्या वर्षी येतील थोडी."

मार्लीन अर्थातच इंग्रजीत बोलत होती. आफ्टर, म्हणाली होती ती. प्रतिमाला तो शब्द मराठीत ऐकू आला.

ती घरात गेली. जगन्नाथ खिडकीशी होता. ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही खरंच तेच म्हणत होतात?"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे पूर्वीचेच होते. हे तिने सहा-सात महिन्यांत पाहिलं नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघायची, घास नीट गेला का ते पाहायला.

"नंतर," तो म्हणाला.

आता आपल्याला रडू येईल असं वाटून ती थांबली. बराच वेळ थांबली. आलं नाही. माणूस खिडकीत बसून बरोबर तेच सांगत होता आणि आपण त्याची बोटं सोडवून त्याला टीव्हीसमोर नेऊन ठेवलं, हे तिला स्पष्ट दिसत होतं, पण लांबून, दुसऱ्या कुणाच्या घरातलं दिसावं तसं. ती उठली आणि भात लावला.

मात्र त्या दिवसापासून ती त्याचा शब्द ऐकू लागली. शब्द एकच, पण तो कधी वर चढत होता, कधी अर्ध्यात तुटत होता. आमटी वाढल्यावरचा नंतर आणि औषधावरचा नंतर एक नव्हते. तिने हे थेरपिस्टला सांगितलं नाही. नैनालाही नाही.

जूनमध्ये गॅरेजजवळच्या झुडपाचे घोस तपकिरी पडले. एका रविवारी प्रतिमाने जगन्नाथच्या डोक्यावर टोपी घातली, व्हीलचेअर रॅम्पवरून उतरवली आणि त्या झुडपासमोर उभी केली. कात्री, छोटी करवत, हातमोजे घेऊन आली.

"सांगा," ती म्हणाली. "मी कापते."

सुकलेले घोस तिने खुडले, तोवर त्याची काही तक्रार नव्हती. मग ती खाली वाकली. बुडाशी पेन्सिलीएवढे कोवळे धुमारे दाटीने उगवले होते, तणासारखे. तिने पहिल्यांदा तेच धरले.

"नंतर," तो तोडून म्हणाला.

"हे नाही? मग काय कापू?"

त्याने मांडीवरची काठी उचलली आणि मधल्या सगळ्यात जाड खोडावर मारली. मनगटापेक्षा जाड, साल सोललेलं, जुनं.

"हे? अहो, ह्याच्यावर तर सगळं झाड उभं आहे."

त्याने पुन्हा मारली, आणखी जोरात.

"काहीतरीच. एवढं कापलं तर राहील काय? हे बारकं गवत?"

काठी धुमाऱ्यांवरून फिरली, त्यातल्या दोनतीन बळकट धुमाऱ्यांवर टेकून थांबली, आणि पुन्हा त्या खोडावर. एवढे ठेव, हे काढ. तिला कळलं होतं. पटलं नव्हतं. तिने त्या खोडाला हात न लावता शेजारची एक मध्यम फांदी कापली. त्याने काठी जमिनीवर आपटली, माती तिच्या पायांवर उडाली.

"मग तुम्हीच कापा," प्रतिमा म्हणाली. आवाज चढला होता. "उठा आणि कापा. खिडकीत बसून काचा बडवायच्या, काठ्या आपटायच्या. मला काय कळतं त्यात? कधी सांगितलंत मला? चाळीस वर्षांत कधी म्हणालात, ये, बघ, हे असं असतं? माझी मेथी उपटून टाकायला मात्र हजर. मी रात्रंदिवस करते आहे, आणि एक खोड..."

"गप," जगन्नाथ म्हणाला.

स्वच्छ म्हणाला. पूर्वी म्हणायचा तसाच, वैतागून, मान जराशी वळवून.

प्रतिमा करवत हातात धरून उभी राहिली. त्यालाही कळलं असावं. तो ओठ हलवून बघत होता, पण तो शब्द पुन्हा आला नाही. तोंडाची एक बाजू वर गेली. हसत होता. पलीकडच्या आवारात मार्लीनची पाण्याची नळी चालू होती.

"मला गप म्हणता," प्रतिमा म्हणाली. मग ती गुडघ्यांवर बसली आणि ते जाड खोड अगदी जमिनीलगत कापायला घेतलं. खूप वेळ लागला. लाकूड आतून फिकट जांभळं निघालं, तिने ते उचलून त्याला दाखवलं. त्याने मान हलवली, त्याला माहीत होतं.

संध्याकाळी नैनाचा फोन आला तेव्हा प्रतिमा म्हणाली, "बाबा आज मला गप म्हणाले."

"दॅट्स सो रूड," नैना सवयीने म्हणाली.  मग तिकडून रडण्याचा आवाज आला. प्रतिमा फोन कानाला लावून ऐकत राहिली. तिला स्वतःला रडू आलं नाही, पण हसूही आलं नाही, आणि फोन ठेवावासाही वाटला नाही. नैना सावरल्यावर तिने बेलव्ह्यूच्या खोलीबद्दल पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं. इतक्यात येणार नाही म्हणाली. दाराजवळच्या दोन झुडपांचं काम बाकी आहे, आणि ते एका वर्षात होण्यासारखं नाही. दर वर्षी थोडी जुनी खोडं काढत जायचं असतं.

"हू टोल्ड यू?"

"बाबांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उठवून, खुर्चीत बसवून, अंथरूण आवरून ती स्वयंपाकघरात आली तर जगन्नाथ बाजूच्या दाराशी व्हीलचेअरवर बसलेला. टोपी स्वतःच घातली होती, वाकडी. काठी मांडीवर. तिला बघून त्याने काठीने दारावर ठोकलं.

"थांबा जरा," प्रतिमा म्हणाली. "मला चहा तरी पिऊ द्या."

त्याने पुन्हा ठोकलं. तिने चहा सावकाश, बसून प्यायला.