इदालिनाचे टेबल, आता हॉटेलचे

मी चेस्टनटच्या लाकडाचे एक जुने टेबल आहे. पोर्तो शहरात, दोरू नदीकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीत, सगळ्यात वरच्या तिसऱ्या मजल्यावर उभे आहे. आज मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, काय भाग्यवान टेबल! शेजारी पांढराशुभ्र पलंग, अंगावर फुलदाणी. पण मित्रांनो, ही खोली पूर्वी एक स्वयंपाकघर होती.

मला अबिलियुने घडवले. तो गोदीत नावा दुरुस्त करणारा सुतार. लग्नानंतर त्याने फळ्या पाठीवरून वर आणल्या आणि इथेच मला जोडले. त्याची बायको इदालिना कमरेवर हात ठेवून म्हणाली, “शाबास! आता हे धूड दारातून बाहेर कसं काढणार, महाराज?”

“काढायचंय कशाला? आपण कुठं जातोय?” तो हसला.

माझ्यावर मक्याच्या पावाचे पीठ मळले गेले, खारवलेल्या माशाचे काटे काढले गेले. त्यांची लेक लुर्देश माझ्यावरच अक्षरे गिरवत मोठी झाली आणि कामासाठी लक्झेंबर्गला गेली. अबिलियु वारला तेव्हा शवपेटी जिन्यातून वर येईना. इदालिनाने त्याला माझ्यावर निजवले, अंग पुसले, नवा सदरा घातला. मग शेजाऱ्यांनी त्याला चादरीत घालून खाली नेले. इतके जड काही माझ्यावर पुन्हा कधी ठेवले गेले नाही.

पुढे इमारत विकली गेली. नव्या मालकाला हॉटेल काढायचे होते. भाडेकरू एकामागून एक निघून गेले. इदालिना हटेना. तेव्हा मालकाने दुरुस्तीचे निमित्त करून छपराची कौले उतरवली. पाऊस थेट माझ्यावर पडू लागला. खालच्या मजल्यावरची ओटिलिया सामान बांधता बांधता म्हणाली, “चल गं बाई, न्यूमोनिया होऊन मरशील.”

“भिजून विरघळायला मी काय साखर आहे?” इदालिना म्हणाली आणि माझ्यावर पातेली मांडत राहिली.

मग नळाचे पाणी तोडले. जिन्यावरून बादली आणताना ती घसरली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. इस्पितळातून तिला परस्पर शहराबाहेरच्या एका खोलीत नेऊन ठेवले. तिने माझ्यासाठी माणसे पाठवली होती. त्यांनी मला उभे करून पाहिले, आडवे करून पाहिले. मी दारातून निघाले नाही.

हॉटेलवाल्यांनी मला घासले, तेल लावले. सुरीच्या खुणा मात्र मुद्दाम ठेवल्या; पाहुण्यांना त्या आवडतात. लोक माझे फोटो काढतात, माझ्यावर ओले पेले ठेवतात आणि दोन दिवसांनी निघून जातात. ओटिलियाला इथेच साफसफाईचे काम मिळाले. मला पुसताना ती कधी बोलत नसे.

गेल्या वसंतात लुर्देश सुट्टीवर आली. आईला आनंद व्हावा म्हणून तिने हौसेने हीच खोली घेतली. इदालिनाची स्मरणशक्ती तोवर ढासळत चालली होती. काठी टेकत ती आत आली. माझी कड चाचपत तिचा हात थांबला.

“चूल कुठं हलवलीस गं? तुझा बाप यायची वेळ झाली.”

“आई, हे आता हॉटेल आहे.”

“आपल्या घराला हॉटेल म्हणतेस? लक्झेंबर्गची मडम झालीस की काय!”

लुर्देशने वाद सोडला. तिने बाहेरून कोबीचे सार आणि पाव आणला. दोघी माझ्यावर जेवल्या. इदालिना पोटभर जेवली, गल्लीतल्या बायकांच्या नकला करत हसली. मला वाटले, सगळे पुन्हा जागेवर आले.

सकाळी व्यवस्थापकाने दार वाजवले. भला माणूस होता, हसून म्हणाला, “बाई, खोली रिकामी करायची वेळ झाली.”

“रिकामी?” इदालिनाने माझी कड दोन्ही हातांनी धरली. “पुन्हा आलात? कौलं काढलीत, पाणी तोडलंत, आता अजून काय राहिलंय? लुर्देश, सांग यांना! मी इथून हलणार नाही!”

“आजी, दुसरे पाहुणे खाली थांबलेत हो,” तो गांगरून म्हणाला.

ती ओरडत होती. जिन्यात लोक जमले. शेवटी लुर्देशने रडत रडत तिची बोटे माझ्यावरून एकेक करून सोडवली.

“सोड आई. माझ्यासाठी सोड.”

इदालिना मागे सरली. लेकीकडे बघत म्हणाली, “तूसुद्धा त्यांच्यातलीच?”

दुपारी नवे जोडपे आले. “किती सुंदर टेबल!” असे ते म्हणाले.

परवा मला पुसताना ओटिलिया सोबतच्या बाईला सांगत होती. इदालिना आता रोज सकाळी कोट चढवून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसते. घरी जायचंय म्हणते. लुर्देश रजा वाढवून तिच्याजवळ राहिली आहे, पण लेकीच्या हातचा घासही ती तोंडात घेत नाही.

मित्रांनो, माझी निगा उत्तम राखली जाते. मला आणखी काही नको. पण कधी परगावी सुट्टीला गेलात आणि तिथल्या खोलीतले जुने लाकूडकाम तुम्हाला आवडले, तर इथे आधी कोण राहत होते, एवढे जरूर विचारा. ती माणसे जिवंत आहेत तोवर विचारा.