ओला सोमवार

मांजराच्या पिल्लासारख्या मऊ कळ्यांची डहाळी कुठे मिळेल, असं हॅलिनाने इंग्रजीत विचारलं तेव्हा कालिंदीताईंना वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. विमा कंपनीत तीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहिलेली बाई. पण मांजर आणि डहाळी यांचा मेळ काही बसेना.

हॅलिना ही त्यांच्या मुलाची, शंतनुची बायको. अमेरिकेतल्या बफेलो गावची. तिचे पणजोबा पोलंडहून तिथल्या पोलाद कारखान्यात कामाला आले नि तिथलेच झाले. दोन वर्षांपूर्वी शंतनुने तिकडेच नोंदणी लग्न केलं आणि घरी कळवलं ते सह्या झाल्यावर. तेव्हापासून अप्पांचं, म्हणजे कालिंदीताईंच्या यजमानांचं, बिनसलेलं होतं. सून पहिल्यांदाच ठाकूरद्वारच्या घरी आली त्याला आठ दिवस झाले, तरी अप्पा तिच्याशी चकार शब्द बोलले नव्हते. तिने नमस्कार केला की मान हलवायची आणि पेपर वर करायचा.

"पण डहाळी कशाला गं?"

"उद्या ईस्टरनंतरचा सोमवार. आमचा डिंगस डे," हॅलिना म्हणाली. चाळीस दिवसांचे उपास संपलेले असतात, थंडी ओसरलेली असते. लोक लाल-पांढरे कपडे घालून मिरवणूक काढतात, नाचतात, आणि मुलगे मुलींवर पाणी उडवतात.

"रंगाशिवाय?"

"नुसतं पाणी."

"आणि मुलींनी काय करायचं? भिजत उभं राहायचं?"

"छे! डहाळीने मुलांच्या पोटऱ्यांवर फटके द्यायचे."

कालिंदीताईंना भारी मजा वाटली. आपल्याकडे परवाच रंगपंचमी झाली आणि सातासमुद्रापलीकडे हे असं! त्यांचे प्रश्न संपेनात. फटका खराखुरा की लटका? पाणी गार की कोमट? शेवटी त्यांनी विचारलं, "आणि एखादीवर कोणी पाणी उडवलंच नाही तर?"

"माझी आजी सांगायची, जुन्या काळी तशी मुलगी दिवसभर रडायची. कोरडं राहणं म्हणजे आपण कोणालाच नको आहोत."

पलीकडे पेपरचं पान उलटायचं थांबलं. कालिंदीताईंनी ते पाहिलं.

संध्याकाळी दोघी नाक्यावरच्या मालनकडे गेल्या. मालन फुलं विकते. तिने मोबाईलवरचा फोटो निरखून पाहिला आणि इथे मिळायचं नाही म्हणून मान हलवली. "ह्यां झाड हय नाय गावाचा," ती म्हणाली, "पण कशाक होयां?" कारण ऐकून ती खदखदून हसली. "म्हंजे तुमचो शिमगोच की गे!" आणि तिने देवळामागच्या शिरीषाची फांदी तोडून आणून दिली. टोकाला हिरवट-पांढरे, रेशमासारखे झुबके होते. हॅलिनाने ते गालावर फिरवून पाहिले. "चालेल," ती मराठीत म्हणाली.

सोमवारी सकाळी शंतनुने बायकोवर पेलाभर पाणी ओतलं. ती ओरडली, डहाळी घेऊन त्याच्यामागे धावली, आणि दोघं स्वयंपाकघरभर पळापळी करून दमली. डहाळी टेबलावर पडली.

कालिंदीताईंनी ती उचलली. बाहेरच्या खोलीत गेल्या आणि खुर्चीत बसलेल्या अप्पांच्या पोटरीवर एक सपकन ओढली.

"अगं! हे काय?"

"सण आहे."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. हयात कोर्टात कारकुनी करण्यात गेलेली. नियम माहीत नसलेली गोष्ट त्यांना सहन व्हायची नाही. दारात हॅलिना ओल्या केसांनी उभी होती. तिच्याकडे बघून ते इंग्रजीत म्हणाले, "फटका बसल्यावर पुरुषाने काय करायचं असतं?"

हॅलिना क्षणभर गोंधळली. हा प्रश्न आपल्यालाच आहे ना, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, "पाणी उडवायचं, अप्पा."

"नवऱ्यानेच? की सासऱ्यालाही चालतं?"

"आमच्या घरी पहिला मान आजोबांचा असायचा. पहाटे उशीपाशी येऊन शिंपडायचे. गेल्या वर्षी वारले ते."

अप्पा उठले. पिण्याच्या पाण्याचं भांडं उचलून त्यांनी चार थेंब कालिंदीताईंवर उडवले, तशा त्या लाजल्याच. मग सुनेसमोर जाऊन ते थोडे अडखळले. बोटं बुडवली, पुन्हा बाहेर काढली. आणि उरलेलं सगळं भांडं त्यांनी तिच्या डोक्यावर उपडं केलं.

"अहो!" कालिंदीताई किंचाळल्या.

हॅलिनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसतही होती. कालिंदीताईंनी डहाळी तिच्या हातात दिली. तिने अगदी हलकेच अप्पांच्या पोटरीला टेकवली.

"हा फटका?" अप्पा म्हणाले. "हिने मारला तो बघ. अजून झोंबतोय."

मग ते पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी तिला समोर बसवून घेतलं. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी असायची का? पणजोबा कुठल्या खात्यात होते? माझे वडील परळच्या मिलमध्ये कापडाचे साचे चालवायचे, ते तुला शंतनुने सांगितलंय का? नाही? हा काही सांगायचा नाही.

शंतनु फरशी पुसत होता. कालिंदीताईंनी त्याला खुर्चीखालचं पाणी दाखवलं आणि त्या पोहे भिजवायला आत गेल्या.