ब्रेकला दोन माणसं लागतात

आमच्या ह्यांनी पान्याला हात घातला की घरातल्यांनी देवाचं नाव घ्यावं. पंखा दुरुस्त केला, तो आता वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देतो. मिक्सर दुरुस्त केला, तो झाकण उडवल्याशिवाय थांबत नाही. त्यामुळे त्या शुक्रवारी सकाळी जोतीराम, म्हणजे आमचे हे, अंगणात गोणपाट अंथरून जुन्या पिकअपचं चाक खोलायला बसले तेव्हा मीही देवाचं नाव घेतलं. पंख्यानं आणि मिक्सरनं कुणी मरत नाही. हे काम ब्रेकचं होतं.

दर रविवारी आम्ही पिकअपमधून पन्हाळ्याला जातो. वर पर्यटकांना मी पिठलं-भाकरी करून घालते आणि संध्याकाळी भांडी गाडीच्या मागच्या हौद्यात टाकून खाली येतो. त्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी उतरताना एका वळणावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि तो बुडाशी गेला, गाडी काही थांबली नाही. गियर पाडून, कडेच्या मातीत घासून त्यांनी कशीबशी आवरली आणि माझ्याकडे बघून हसले. मला हसू आलं नाही. मी मांडीवरचं पातेलं दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि ते सोडायला घरी आल्यावरही हात तयार नव्हते.

तेव्हाच सांगून टाकलं, गैबी मिस्त्रीला ब्रेक दाखवल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. तर म्हणाले, नको बसूस, मी एकटा जातो. आता ह्याला काय म्हणायचं? एकट्याला पाठवून मी घरात काय वाट बघत बसू, माणसाची का बातमीची?

गैबी मिस्त्रीचं गॅरेज आमच्याच गल्लीच्या खालच्या टोकाला आहे. हे दोघं एका तालमीत वाढले, एका ताटात जेवले. पिकअप घेतली ती गैबीनं पसंत केली म्हणून. आणि आता दिवाळीपासून दोघांचं तोंड बंद. कारण सांगायलाही लाज वाटते. कारण आमची म्हैस.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरं, अंगावर तेलाची चकाकी, आणि मालकानं गाडी पुढं काढली की म्हैस तिच्या मागं जीव तोडून पळाली पाहिजे. लोक मोटरसायकलीच्या मागं पळवतात. आमची कोकिळा पिकअपच्या मागं पळते, कारण ह्यांना मोटरसायकल झेपत नाही. महिनाभर रोज हॉर्न वाजवून वाजवून तिला तयार केली. ह्या वर्षी पंच म्हणून गैबीला बसवलं होतं. त्याच्या दारात म्हैस नाही, म्हणजे तो कुणाच्या बाजूचा नाही, असा गल्लीचा हिशेब. कोकिळा सगळ्यांच्या पुढं होती. निम्म्या वाटेत कुणाच्या तरी बैलगाडीतून उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, सांडले होते. कोकिळाबाई तिथं थांबल्या. गैबीनं पहिला नंबर विजयसिंहाच्या म्हशीला दिला.

ह्यांचं म्हणणं, कोकिळा खायला थांबली नव्हती, मागच्या म्हशींची वाट बघत होती. हे त्यांनी भर चौकात मांडलं. लोक हसले, गैबीही हसला, आणि तिथंच सगळं बिनसलं. हे म्हणाले, गैब्याच्या दारात पाय ठेवला तर नावाचा जोतीराम नाही. गैबी म्हणाला, ह्याच्या गाडीला हात लावला तर पाना पंचगंगेत टाकीन. संक्रांतीला मी आणि गैबीची बायको नजीरा, आम्ही एकमेकींना तिळगूळ दिला. तो दोघांनी आपापल्या घरात बसून खाल्ला. बोलले मात्र नाहीत.

नवरा चिडका झाला तर सोसवतं. पण तो गप्प झाला होता. संध्याकाळी गैबीच्या कट्ट्यावर बसायची त्यांची वेळ झाली की हे गोठ्यात जाऊन कोकिळेशी बोलत बसायचे. पन्नाशी उलटलेला माणूस म्हशीपुढं मन मोकळं करतोय, हे बघून मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा.

तर शुक्रवार. ह्यांनी मोबाइलवर बघून बघून चारी चाकांची ब्रेकची लायनर बदलली. मोबाइल कोकिळेच्या गव्हाणीवर टेकवला होता, त्यामुळे अधूनमधून तिनंही बघितलं. नवीन ब्रेक ऑइल भरलं. दुपार टळता टळता ऑइलनं माखलेले हात कमरेवर ठेवून म्हणाले, झालं काम. मी पेडल दाबून बघितलं. सायीत बोट बुडावं तसा पाय आत गेला. विचारलं, तर म्हणाले नवीन हाय, बसंल. आणि मी अडवायच्या आत चाकाखालचा दगड काढून गाडी गल्लीत घातली.

आमची गल्ली उताराची आहे. गाडी निघाली. पोरंबाळं बाजूला व्हावीत म्हणून ह्यांनी हॉर्न वाजवला.

गोठ्यात कोकिळेनं कान टवकारले. तिच्या लेखी पाडवा आला होता. एका हिसड्यात दावं तोडून ती जवळजवळ माझ्या अंगावरूनच गेली. पुढं ह्यांनी ब्रेक दाबला, तो खाली गेला तो वर आलाच नाही, आणि घाबरून त्यांनी हॉर्नवर हातच ठेवला. जितका हॉर्न, तितकी ती जोरात. गियर टाकायचं भान ह्यांना नाही. गल्ली दोन्ही बाजूंनी दारात आलेली. पुढं गाडी, मागं म्हैस, तिच्या मागं मी हातात लाटणं घेऊन. लाटणं कशाला घेतलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

गैबीच्या गॅरेजचं फाटक उघडं होतं. गाडी सरळ आत गेली आणि जुन्या टायरांच्या ढिगात शिरून थांबली. मागोमाग कोकिळा आली, तिनं मागच्या फाळक्याला डोकं टेकवलं आणि जिंकल्यासारखी उभी राहिली. गैबी चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला, गाडीकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, "वैनी, लागलं न्हाय न्हवं कुणाला?"

कुणाला लागलं नव्हतं. पण हे गाडीतून उतरेनात. का, तर शपथ. दारात पाय ठेवणार नाही म्हणजे नाही. चाकं आलीत, पाय आला नाही. गैबीही गाडीच्या चार हात लांब उभा, हात पाठीमागं बांधून. त्याचीही शपथ. टायरांच्या ढिगात गाडी अडकलेली आणि दोन शहाणे आपापलं नाक सांभाळत होते.

शेवटी गैबी स्टूल घेऊन चाकाजवळ बसला आणि मला म्हणाला, पायपात हवा शिरलीय, ती काढावी लागंल. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचं निपल पान्यानं ढिलं करायचं. ऑइल येईल, त्यातून हवा बाहेर पडेल. निपल आवळल्यावरच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत. गाडीला हात लावायचा नसल्यामुळं पाना त्यानं माझ्या हातात दिला. मी पदर खोचून गाडीखाली शिरले.

गैबी मला म्हणायचा, त्यांना दाबायला सांगा. मी ओरडायचे, दाबा म्हणत्यात. हे आतून विचारायचे, किती वेळा, विचार त्याला. मी गैबीला विचारायचे. गैबी म्हणायचा, पाच वेळा, आणि मग धरून ठेवायला सांगा. मी सांगायचे. तोवर ह्यांनी पाच वेळा दाबून सोडूनही दिलेलं असायचं आणि इकडं माझं निपल उघडं. हवा निघायची, तेवढीच परत शिरायची. ऑइल माझ्या तोंडावर, बांगड्यांवर, नव्या लुगड्यावर. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. कोकिळा शांतपणे रवंथ करत होती, तिथल्या सगळ्यांत शहाणी तीच.

मग माझं डोकं फिरलं. मी गाडीखालून बाहेर आले आणि पाना गैबीच्या पायाशी टाकला.

"माझ्या तोंडातनं बोलून ब्रेक लागायचा न्हाय," मी म्हटलं. "मी सांगंस्तोवर हवा आत जातीया. तुमी दोघं बोला, न्हायतर ही गाडी हितंच कुजू द्या. आणि रविवारी ह्ये एकटे घाटात जाणार हाईत, गैबीभाऊ. मी तुमास्नी सांगून ठेवलं."

मी कोकिळेचं तुटकं दावं धरलं आणि फाटकाबाहेर आले. घरी मात्र गेले नाही. भिंतीआड उभी राहिले. बराच वेळ आतून काही आवाज नाही. मला वाटलं, संपलं सगळं, आता मीच मिस्त्री शोधायला कुठंतरी हातकणंगल्याला जाते.

मग पाना उचलल्याचा आवाज आला.

"दाब," गैबी म्हणाला.

"दाबलं."

"धर. म्या म्हणंस्तोवर सोडू नगंस, जोत्या."

"धरलंय की."

पुन्हा दाब, पुन्हा धर. एका चाकाचं झालं, दुसऱ्याचं झालं. आवाज हळूहळू रोजच्यासारखे होत गेले. मी म्हैस घेऊन घरी आले आणि तोंड धुताना मला रडू आलं. ऑइल डोळ्यांत गेलं होतं म्हणावं तर ते सगळं आधीच निघालं होतं.

रविवारी गैबी सकाळीच येऊन पिकअपमध्ये पुढं बसला. त्यानं बांधलेला ब्रेक तो स्वतः घाटात बघणार होता. मला विचारलंही नाही. संध्याकाळी उतरताना मी मागं हौद्यात, भांड्यांच्या मधे. ते वळण आलं. माझा हात आपोआप पातेल्यावर गेला. ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

पुढं निघाली मात्र नाही. आतून गैबीचा आवाज आला, "जोत्या, आज खरं सांग. कोकिळा खायलाच थांबली हुती का न्हाय?"

ह्यांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही. मग म्हणाले, "खायलाच थांबली हुती. पर तू हसलास, गैब्या. समदी हसली त्येचं काय न्हाय. तू हसलास."

गैबी काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, तो फार हळू बोलला. मग दोघंही बोलायला लागले, एकमेकांचं तोडत, तीन महिन्यांचं तुंबलेलं सगळं. गाडी त्या उतारावर, ह्यांच्या पायाच्या एका दाबावर, इंचभरही न हलता उभी. मागं गाड्यांची रांग लागली. मी काचेवर थाप मारायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.